अठरावा फर्मा

माझ्या मावशीला पुस्तक कुठपर्यंत वाचून झालं असं विचारलं, तर ती पान सांगत नाही. "नववा फर्मा चालू आहे," म्हणते. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्या घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. बाइंडिंग खात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई आणखी कशात मोजणार? मी शाळेत शिकवते, कॉलेजपासून तिच्याकडेच राहते, आणि आता मलाही तीच सवय लागली आहे. परवा वर्गात "धड्याचा अर्धा फर्मा उरलाय" म्हणाले, तर मुलं माझ्याकडे बघतच राहिली.

मावशी वाचते त्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्या. दुसरं काही तिला चालत नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं एखादं शहर, त्यात लपूनछपून प्रार्थनेला जमणारी चार माणसं, एखादा विणकर, एखादी गुलाम मुलगी, दारावर सैनिक, आणि पुस्तकभर त्यांच्या विश्वासाची परीक्षा. एवढं असलं की तिला तहानभूक लागत नाही. त्या माणसांशी तिचं नातं आमच्यापेक्षा घट्ट. "तो बिचारा काल दुपारपासून तळघरात आहे, आणि तू मला कांदे चिरायला सांगतेस?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि कांदेही मीच चिरलेत.

म्हणून काही ती सगळं डोळे मिटून मान्य करते असं नाही. लेखकाची चूक सापडली की त्याची खैर नसते. "त्या काळी अंगरख्याला बटणं होती काय गं?" आणि शेवटच्या चार पानांत आकाशातून चमत्कार होऊन सगळे सुटले, तर पुस्तक मिटून बाजूला. "देव काय यांच्याकडे कामाला आहे?" तिचं म्हणणं असं, की अशा पुस्तकात देवाने पहिले पंधरा फर्मे गप्पच बसावं. माणूस घाबरला पाहिजे, खोटं बोलला पाहिजे, पडला पाहिजे. मग तो उठतो की नाही, ते बघायचं. "विश्वास म्हणजे न पडणं नव्हे गं," हे ती मला कितीदा म्हणाली असेल. मला वाटायचं, कुठल्या तरी कादंबरीतलं पाठ झालंय.

दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत ती वाचून दाखवते. लांब टेबल, दहाबारा खुर्च्या, त्यातल्या एकीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, भिंतीला वाचनालयाचं काचेचं कपाट. कपाटाची किल्ली मावशीकडे. ऐकायला सातआठ बायका येतात. त्यांत एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या पहिल्या पानाला झोपतात आणि सैनिक आले की बरोबर जाग्या होतात. चहा करायचं काम माझ्याकडे.

वाचनालयाच्या वहीत एका पुस्तकापुढे मावशीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बांधायला काढले.' तारीख चौदा वर्षांपूर्वीची. पुस्तक एका दिवे घडवणाऱ्या बाईचं होतं. मी तिला चिडवायची, "एवढी मोठी बाइंडर तू, चौदा वर्षांत एक पुस्तक बांधून होत नाही?" यावर ती एकतर चष्मा शोधायला लागायची, नाहीतर माझ्या लग्नाचा विषय काढायची. मग मीच पुस्तकाचं नाव सोडून द्यायची.

गेल्या वर्षी एका शनिवारी वाचन सुरू झाल्यावर दार ढकलून एक बाई आत आली. हातात काठी, नजर अधू, पण चाल ताठ. भिंतीला हात लावत ती पायाखाली पुठ्ठा असलेल्या खुर्चीपर्यंत आली आणि बसली. मावशी वाक्याच्या मध्यावर थांबली. मग पुढे वाचू लागली, पण तीच ओळ तिने तीनदा वाचली. नर्सबाईंनाही जाग आली, सैनिक आलेले नसताना.

"वाच की," ती बाई म्हणाली. "आवाज ओळखला मी. तसाच आहे."

घरी आल्यावर मावशीने पातेल्यात दूध ओतलं आणि गॅस पेटवायचा विसरून त्याच्याकडे बघत उभी राहिली. "ती शिक्केवाली," ती म्हणाली. मग घरातल्या तिच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात अंथरलेला कागद उचलून तिने त्याखालून सोळा पानांची एक घडी काढली. न शिवलेली, न कापलेली. आणि मला बसवून सगळं सांगितलं.

छापखान्यात एका लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने लावलेले असत. पुस्तकाचे अठरा फर्मे तर अठरा ढीग. मावशीने टेबलाच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा, अठरावा उचलला की एक पुस्तक पूर्ण. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर टेबलाभोवती चालणं. त्या चालण्यातच तिला वाचायचा नाद लागला. उचलताना एक ओळ, पुढच्या फेरीला दुसरी. असं करत करत तिने अख्ख्या कादंबऱ्या टेबलाभोवती फिरून वाचल्या, कुठून तरी मध्येच सुरू करून कुठेही संपवत. कादंबरी सुरुवातीपासून वाचायची असते हे आपल्याला फार उशिरा कळलं, असं ती हसून सांगते.

शिक्केवाली तिची जिवाभावाची मैत्रीण. जुळवलेले फर्मे तपासायचे तिने. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आणि ती दर फर्म्याला थोडी खाली सरकते. सगळे फर्मे रांगेत असले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. पायरी चुकली की पुस्तक चुकलं. जिना नीट असला की मागच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात ती 'सात' या आकड्याचा बारीक शिक्का मारायची. तो शिक्का दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही, असा छापखान्याचा नियम होता.

दिवे घडवणारीचं पुस्तक जुळवायला आलं, तेव्हा मावशी त्यात पुरती बुडाली होती. ही बाई एका जुन्या शहरात मातीचे दिवे घडवते. प्रार्थनेला जमणारी माणसं तिच्या भट्टीमागच्या खोलीत लपतात. सैनिक येतात, विचारतात, आणि ती घाबरून म्हणते, मी यांना ओळखत नाही. सगळ्यांना धरून नेतात. ती एकटी सुटते. मग सतराव्या फर्म्याच्या शेवटी ती तेलाने भरलेला दिवा घेऊन तुरुंगाच्या दाराशी येते, आणि पहारेकरी विचारतो, "तू कोण?"

इथे फर्मा संपतो. पुढचं अठराव्यात.

त्या दिवशी दुपारी शिक्केवालीला शाळेतून निरोप आला, की मुलीला फार ताप आहे. नऊ वर्षांची एकुलती पोर, नवरा नाही. ती कासावीस झाली. मावशी म्हणाली, "जा तू. उरलेलं मी बघते." शिक्केवालीने शिक्का तिच्या हातावर ठेवला आणि पळाली. मावशी पुन्हा टेबलाभोवती फिरू लागली, डोक्यात तो पहारेकरी आणि त्याचा प्रश्न. शेवटची प्रत जुळवून झाली तेव्हा तिने पाहिलं, सगळ्या ढिगांत जादाचे सहा-सहा फर्मे उरलेत, सतराव्यात पाच, आणि अठराव्यात सात.

अर्थ सरळ होता. कुठल्या तरी एका प्रतीत सतरावा दोनदा गेला होता आणि अठरावा गेलाच नव्हता. वाचायच्या नादात तिनेच सतरावा दोनदा उचलला होता. ती प्रत शोधायची तर पुढ्यातला सगळा ढीग पुन्हा तपासायचा, म्हणजे मालकाला सांगायचं, म्हणजे शिक्का हातात कसा आला तेही सांगायचं. सुटीला दहा मिनिटं उरली होती. तिने ढिगावर भराभर शिक्के मारले आणि जास्तीचा फर्मा पदराखाली घातला.

एवढ्या प्रतींतली नेमकी तीच प्रत प्रकाशनाच्या दिवशी मोठ्या पाहुण्यांच्या हातात गेली. ते व्यासपीठावर उभे राहून शेवटचं पान वाचायला लागले आणि "तू कोण?" पाशी पुस्तक संपलं. पाहुण्यांनी पान उलटलं, तर कोरा कागद आणि कोपऱ्यात सात. मालकाला भर सभेत मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने ती प्रत शिक्केवालीच्या पुढ्यात आपटली. ती मावशीला हळूच एवढंच म्हणाली, "तुझ्या ढिगातलं नाही ना गं हे?"

"नाही," मावशी म्हणाली. "माझ्या सगळ्या मी दोनदा बघितल्या."

शिक्केवालीने ते खरं मानलं. मालकाला म्हणाली, "शिक्का माझा आहे. चूक माझी." ती प्रत घेऊन ती निघून गेली, मग गावही सोडलं, भावाकडे राहिली, कुठल्याशा गोदामात पॅकिंगचं काम करत पोरीला वाढवलं. आता मुलगी इथल्या औषधाच्या दुकानात लागली म्हणून दोघी परत आल्या होत्या.

मी मावशीवर चिडले. खोटं कशाला बोलू? चौदा वर्षं हिने विश्वासाच्या आणि धैर्याच्या गोष्टी वाचून दाखवल्या, ऐकणाऱ्यांना रडवलं, ते एक पुस्तक नजरेआड करायला वहीत 'बांधायला काढले' लिहिलं, आणि कपाटाच्या तळाशी हे! "मग सांग ना तिला," मी म्हणाले. "तुझ्या कादंबरीतल्या माणसाला तू काय म्हणाली असतीस?"

"कादंबरीत सोपं असतं गं," ती म्हणाली. "तिथे विश्वास सोडत नाही म्हणून सिंहापुढे टाकतात. सिंहापुढे माणूस एकदाच उभा राहतो. मला तिच्यापुढे दर शनिवारी उभं राहायचंय."

त्यानंतर पाच शनिवार गेले. दर शनिवारी सकाळी मावशी ठरवायची आणि दुपारी तिच्या तोंडून ब्र निघायचा नाही. शिक्केवाली वेळेवर यायची, ऐकायची, दाद द्यायची, जाताना मावशीचा हात दाबायची. तो हात दाबला की मावशीचा चेहरा बघवायचा नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. सांगून टाकलं तर मैत्रीण जाईल, शनिवार जाईल, कपाटाची किल्ली जाईल. तिच्याकडे याच तर गोष्टी होत्या.

सहाव्या शनिवारी शिक्केवालीने पिशवीतून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि चाचपडत टेबलावर मावशीच्या पुढे सरकवलं.

"आज हे वाच," ती म्हणाली. "फक्त शेवट. यात शेवट नाही. तुमच्या कपाटातलं म्हणे बांधायला गेलंय. ती दिवेवाली चौदा वर्षं माझ्या डोक्यात त्या दाराशी उभी आहे. ती काय म्हणाली, ते तुला ठाऊक असेल. तूच जुळवलं होतंस ना?"

मावशीने पुस्तक उघडलं. बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या. तिने शेवटची दोन पानं वाचली. भट्टी, रस्ता, तुरुंगाचं दार. पहारेकऱ्याने विचारले, तू कोण?

"हं," शिक्केवाली म्हणाली. "इथेच. सांग आता. नाहीतरी हे माझंच पाप. पोरीच्या तापापायी घाई केली आणि पायरी बघितली नाही. रोज देवाकडे माफी मागते बघ. एक दिवस चुकवलेला नाही."

मावशीने तोंड उघडलं. शेवट तिला पाठ होता. दोन वाक्यांत सांगून मोकळं होता आलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी चहा आणला असता. मी दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल, बोल, बोल.

"ते पान माझ्याकडे आहे," मावशी म्हणाली. "तू कसली माफी मागतेस? तो फर्मा मी चुकवला. मला तेव्हाच कळलं होतं. तुझा शिक्का मी मारला, न बघता. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले." तिने शब्द एकही गिळला नाही. सगळ्यांसमोर तिने सगळं सांगितलं, ढिगात उरलेल्या त्या जास्तीच्या फर्म्यापासून कपाटाच्या कागदापर्यंत.

शिक्केवालीने काठी दोन्ही हातांनी धरली.

"नोकरीचं जाऊ दे," ती म्हणाली. "नोकऱ्या मिळतात. पण मी माझ्या पोरीला बोलले गं. नऊ वर्षांची होती. तू त्या दिवशी तापली नसतीस तर आपल्यावर ही वेळ आली नसती, असं तोंडावर म्हणाले. एकदा नाही. रागावले की दर वेळी. ती अजून आजारी पडली की मला सांगत नाही. औषधाच्या दुकानात काम करते आणि ताप आला की लपवते."

ती उठली. नर्सबाई धरायला गेल्या, तर त्यांचा हात तिने बाजूला केला. भिंत चाचपत निघून गेली. पुस्तक टेबलावरच राहिलं.

त्या संध्याकाळी मावशीने कपाटाची किल्ली चर्चच्या पाळकांना नेऊन दिली. ते म्हणाले, "बाई, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, दुसऱ्या कुणाला पुस्तकं सापडत नाहीत." तिला त्यात काही सांत्वन वाटलं नाही. घरी येऊन ती रडलीही नाही. मी रडले. मला वाटलं होतं, एकदा खरं सांगितलं की काहीतरी हलकं होतं. तिच्याकडे बघून तसं काही दिसेना.

सोमवारी तिने ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि शिक्केवालीचं पुस्तक उसवलं. पाठीवरचा जुना सरस ओल्या फडक्याने मऊ केला, दुसऱ्यांदा गेलेला सतरावा सोडवून काढला, आणि त्या जागी कपाटातला अठरावा ठेवला. बाकीचं पुस्तक पिवळं, आणि ती सोळा पानं कोरी पांढरी, कारण त्यांना चौदा वर्षं उजेड लागलाच नव्हता. मेण लावलेल्या दोऱ्याने तिने फर्मे पुन्हा शिवले. प्रत्येक टाका ओढून पाहिला. मलाही ओढायला लावला. दोरा तुटला असता पण टाका हलला नसता. मग पुठ्ठा चढवून पुस्तकावर इस्त्री आणि दोन वरवंटे ठेवून दिले. शुक्रवारी मी विचारलं, "ती येणार नाही, तर काय करशील?" मावशी म्हणाली, "घरी नेऊन देईन. दार उघडलं नाही तर उंबऱ्यावर ठेवीन."

शनिवारी सगळ्या बायका आल्या. पुठ्ठ्याची खुर्ची रिकामी होती. मावशीने वाचायला काही काढलंच नव्हतं. नर्सबाई टक्क जाग्या. वीसेक मिनिटांनी काठीचा आवाज आला. शिक्केवालीचा हात तेवीस वर्षांच्या एका मुलीच्या हातात होता, आणि मुलीच्या अंगात दुकानाचा पांढरा कोट तसाच होता.

"हिला सांग," शिक्केवाली न बसताच म्हणाली. "मला सांगितलंस तसं. माझ्या तोंडून नको, तुझ्या तोंडून कळू दे."

मावशी उठून त्या मुलीसमोर गेली. "तुझ्या तापामुळे नाही झालं काही, बाळा," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं. तुझ्या आईची चूक नव्हती आणि तुझी तर नव्हतीच नव्हती. मी खोटं बोलले म्हणून तुम्ही दोघींनी ते ओझं वाहिलं."

मुलीने आईकडे पाहिलं.

"ऐकलंस?" आई म्हणाली. "मी तुला जे बोलले ते खोटं होतं. ताप आला की सांगत जा मला." मुलीने आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि लहान मुलीसारखी रडली. मी ट्रे खाली ठेवला, कारण कप वाजायला लागले होते.

मग शिक्केवाली बसली, मुलीला शेजारी बसवलं, आणि म्हणाली, "वाच आता. माफ केलंय असं समजू नकोस. पण वाच."

मावशीने वाचलं. पिवळ्या पानावरून पांढऱ्या पानावर. पहारेकऱ्याने विचारले, तू कोण? दिवेवाली म्हणते, "आत जे आहेत, मी त्यांच्यातली आहे. परवा मी नाही म्हणाले, ते खोटे होते." पहारेकरी तिला जा म्हणतो. ती जात नाही. तो तिला आत घेतो. ज्यांना तिने नाकारलं, ती माणसं अंधारात बसलेली असतात. कुणी उठून तिला मिठी मारत नाही. एक म्हातारी फक्त थोडी सरकते आणि तिला भिंतीशी बसायला जागा करून देते. चमत्कार नाही, सुटका नाही. दिवा मध्ये ठेवतात आणि सगळे प्रार्थना करतात. सोळा पानं. मध्ये दोनदा मावशी अडखळली, दोन्ही वेळा शिक्केवाली म्हणाली, "थांबू नकोस."

संपल्यावर कुणी चहा मागितला नाही. शिक्केवालीने हात पुढे केला. मावशीने पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने पाठीवरून अंगठा फिरवला, मग उघडून मधला दोरा नखाने चाचपला, एकेक फर्मा करत, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत. नजर गेली तरी ती बोटं तपासणारीचीच होती.

"टाका सैल आहे," ती म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. तो टाका मी स्वतः ओढून पाहिला होता. पण मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली. "सैल राहिला. चूक माझी."

"मग पुढच्या शनिवारी आणते," शिक्केवाली म्हणाली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. "माझ्यासमोर बसून नीट करून दे."